वांडांची यादी

सोमवार, २४ फेब्रुवारी

ऑफिसची वही कामासाठी आहे. ही वेगळी. भाची परवा म्हणाली, "मामा, तू बोलत तर नाहीसच. निदान लिही तरी कुठेतरी." तिच्या समाधानासाठी कपाटातून एक कोरी वही काढली. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

ताईला जाऊन आज दोन महिने आणि पाच दिवस झाले. सकाळी निघताना अजूनही तिच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतो, तिची झोप मोडू नये म्हणून. मग जिन्यात लक्षात येतं.

शेवटी मी तिच्याजवळ होतो. तिचा हात माझ्या हातात होता. भाची कामासाठी दुसऱ्या गावी गेली होती, ती पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पण ताई एकटी नव्हती. हे सांगितलं तेव्हा भाचीला जरा बरं वाटलं होतं. म्हणून इथेही लिहून ठेवतो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ऑफिसात नवं प्रकरण आलं. एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आमची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. गेल्या गुरुवारी तिथली वीज दोन मिनिटं गेली. परत आली तेव्हा शेवटच्या तुकडीच्या निकालांची फाईल होती, पण आतून रिकामी. 'साठवलं' अशी अक्षरं स्क्रीनवर आलेली तिथल्या बाईंनी स्वतः पाहिली होती. एकेचाळीस लोकांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचावी लागली.

डिस्कचे ड्रायव्हर मी लिहितो. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि डिस्क यांच्यामध्ये बसून दोघींचं बोलणं लावून देणारा कोड. भाची टेस्टिंगला आली तेव्हा तिला असं समजावलं होतं: डिस्कला काही दिलं की ती ते आधी आपल्या छोट्याशा मेमरीत घेते आणि 'मिळालं' म्हणते. वीज गेली की ती मेमरी पुसली जाते. म्हणून महत्त्वाचं काही असलं की ड्रायव्हर तिला फ्लशची कमांड देतो. म्हणजे, हातातलं सगळं कायमच्या जागी उतरव आणि उतरवून झाल्यावरच 'झालं' म्हण. हे नियम छापील आहेत, सगळ्या कारखान्यांनी पाळायचे असतात.

सगळे पाळत नाहीत. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक फाईल आहे. तिला ऑफिसात वांडांची यादी म्हणतात. तीनशे बारा नोंदी आहेत. एक डिस्क स्वतःचं तापमान कायम दोनशे पंचावन्न अंश सांगते. एक झोपलेली असते आणि 'जागी आहे' म्हणते. एक आपला आकार एका घराने जास्त सांगते, आणि त्या शेवटच्या घरात काही ठेवायला गेलं की बेशुद्ध पडते. प्रत्येकीच्या नावापुढे मी तिला कसं सांभाळायचं ते लिहून ठेवतो. भाची ही यादी पहिल्यांदा वाचून म्हणाली होती, "मामा, हे तर शाळेतल्या मास्तरांचं शेरेबुक आहे."

प्रयोगशाळेतली डिस्क केएल-७२ आहे. नवी. त्याच कारखान्याची जुनी केएल-७० आमच्या यादीत डिसेंबरपासून आहे. तिच्यात ती छोटी मेमरी नव्हतीच. त्यामुळे फ्लश म्हटल्यावर तिनं नुसतं 'झालं' म्हणायला हवं होतं. ते सोडून ती तीस सेकंद मुकी व्हायची आणि मशीन अडकून पडायचं. म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवलं, हिला फ्लश पाठवूच नकोस, वर परस्पर 'झालं' म्हणून कळव. ती नोंद मीच केली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भाचीने दोन दिवसांत दोनशे वेळा वीज तोडली. तिच्याकडे त्यासाठी एक खास बटण आहे. फाईल लिहायची, फ्लश करायचा, 'झालं' आलं की वीज बंद. दोनशेपैकी एकाहत्तर फायली रिकाम्या. आणि फ्लशचं 'झालं' डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. कोणतीही प्रामाणिक डिस्क इतक्या लवकर काही उतरवू शकत नाही.

"इतक्या पटकन तर तू चहाला पण हो म्हणत नाहीस मामा," भाची म्हणाली.

ऑफिसात मला सगळेच मामा म्हणतात, ती आल्यापासून. आमचे मुख्य माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, तेही मामा म्हणतात. त्यांना पोरांनी मुकादम नाव ठेवलंय. मुकादम म्हणाले, "चोर सापडला. न करताच 'झालं' म्हणतेय. मामालाच मामा बनवायला निघाली होती."

सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी अहवाल लिहिला. 'केएल-७२ ही डिस्क फ्लशच्या बाबतीत खोटं उत्तर देते. ती नियमांत बसत नाही. वापरू नये.' खाली माझं नाव. सगळ्या ग्राहकांना गेला.

सोमवार, ३ मार्च

कारखान्याचा माणूस आला. पन्नाशीचा असेल. हातात ॲल्युमिनियमची पेटी. पोरांनी चहा यायच्या आत त्याचं नाव पेटीवाले करून टाकलं. त्या पेटीत एक यंत्र होतं. कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामधल्या तारेवर ते लावलं की जाणारी येणारी प्रत्येक कमांड दिसते.

फार सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. म्हणाले, "जुन्या डिस्कबद्दल तुम्ही आम्हाला यादीत टाकलंत, ते बरोबरच होतं. तिच्या तक्रारी आमच्याकडे दोन वर्षांपासून येत होत्या, मला त्याची लाज वाटायची. म्हणून मालकांच्या मागे लागून ही नवी बनवून घेतली. नऊ माणसं, दीड वर्ष. फ्लश तर आम्ही नियमाचं पुस्तक समोर ठेवून लिहिलाय."

मुकादम म्हणाले, "पुस्तक समोर असलं म्हणून पेपर बरोबर येतोच असं नाही."

"कबूल. पण हे बघा." त्यांनी यंत्रातून निघालेली छापील पट्टी दाखवली. "लिही, लिही, लिही, वाच, लिही. यात फ्लश कुठेच नाही. तुमच्याकडून ती कमांड आमच्यापर्यंत येतच नाहीये."

"यंत्र तुमचं, ते तुमच्याच बाजूनं बोलणार."

"यंत्र कोणाच्या बाजूचं नसतं हो," पेटीवाले म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ड्रायव्हर लिहिता ना? एकदा बघाल का?"

मी म्हणालो, "बघतो."

यादीची फाईल आज उघडली नाही. डोळे दुखत होते. कीबोर्ड खूप दिवस साफ केला नव्हता, तो केला.

बुधवार, ५ मार्च

आजही फाईल उघडायचं राहिलं. एक बैठक होती, मग दुसऱ्या एका ड्रायव्हरचं काम निघालं, ते खरं तर पुढच्या महिन्याचं होतं.

पेटीवाल्यांचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा म्हणाले, "घाई करत नाही. पण अहवाल गेल्यापासून चार ग्राहकांनी डिस्क परत पाठवल्यात. मालक म्हणताहेत की हे खातं बंदच करू. शुक्रवारपर्यंत काही सांगू शकाल?"

म्हटलं, बघतोय.

संध्याकाळी भाची ताईचं कपाट आवरत होती. आतून विचारलं, "मामा, आईचा चष्मा कुठे गेला रे? डबी पण दिसत नाही."

"हॉस्पिटलमध्ये राहिला असेल," मी म्हणालो.

"सगळं तर आणलं होतं. तिची कंगवा पण आहे, आणि चष्मा नाही?"

"कंगवा 'ती' कधीपासून झाला?"

"विषय बदलू नकोस."

ती पुन्हा खण उपसायला लागली. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला डावीकडे एक कप्पा आहे. त्यात चार्जर ठेवायचो. हल्ली चार्जर हातात घेऊनच जातो.

शुक्रवार, ७ मार्च

आज सकाळी लवकर गेलो. कोणी आलेलं नव्हतं. फाईल उघडली.

नोंद अशी आहे: 'केएल-७*'. पुढे, फ्लश पाठवू नये, वर 'झालं' कळवावं.

तो तारा म्हणजे 'यापुढे काहीही असो'. केएल-७० साठी मी नोंद केली, पण पुरं नाव लिहिलं नाही. त्यामुळे केएल-७१, ७२, उद्या आणखी काही निघाली तर तीसुद्धा, सगळ्या आपोआप वांड ठरल्या. ७२ ला आम्ही कधी फ्लश पाठवलाच नाही. तिनं कधी 'झालं' म्हटलंच नाही. 'झालं' माझा ड्रायव्हर म्हणत होता.

नोंदीखाली मी एक ओळ लिहून ठेवली आहे: 'तात्पुरतं. पुरं नाव उद्या टाकतो.'

फाईल बंद केली. नऊ वाजता सगळे आले. भाचीने माझ्या टेबलावर चहा ठेवला. "झोपला नाहीस का? चेहरा बघ." मी म्हणालो, झोपलो होतो.

पेटीवाल्यांना आज उत्तर द्यायचं होतं. दिलं नाही.

शनिवार, ८ मार्च

या वहीच्या पहिल्या पानावर मी खोटं लिहिलं आहे. वही माझी, वाचणारं कोणी नाही, तरी लिहिलं.

१९ डिसेंबरला दुपारी मी ताईच्या खोलीत नव्हतो. बाहेर बाकावर होतो. मांडीवर लॅपटॉप होता. अकरा दिवस तसंच चाललं होतं. खोलीत गेलो की तिच्या नाकावरची ती नळी, तो आवाज. पाच मिनिटं बसायचो आणि 'एक काम बघून येतो' म्हणून उठायचो. ती मान हलवायची. लहानपणापासून मी अभ्यासाला बसलो की ती अशीच मान हलवून दार ओढून घ्यायची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

काम कोणी सांगितलं नव्हतं. नवी आवृत्ती निघणार होती, हे खरं. पण मुकादम दोनदा म्हणाले होते की तुझ्याशिवाय जगबुडी होणार नाही. बाकावर बसणं सोपं होतं म्हणून मी काम काढलं. केएल-७० चं.

पुरं नाव डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर असतं. डिस्क ऑफिसात होती. एक फोन केला असता तर कोणीही वाचून सांगितलं असतं. पण सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ताई चष्मा मागताहेत."

चष्मा माझ्याकडे होता. नळीमुळे तिला टोचायचा म्हणून सकाळीच काढून मी बॅगेच्या डाव्या कप्प्यात ठेवला होता.

मी म्हणालो, "आलोच. दोन मिनिटं."

आणि घाईत तारा टाकला. बदल पाठवला. त्यानंतरही उठलो नाही. आणखी दोन पत्रांना उत्तरं दिली. एका पत्रात 'वा, छान' असंही लिहिलं.

चार एकतीसला आत गेलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. हात हातात घेतला, तो त्यानंतर. तिला कळलं नसणार.

भाचीलाही मीच पाठवलं होतं त्या दौऱ्यावर. "जा तू, ताई बरी आहे, मी आहे ना," असं म्हणालो होतो.

रविवार, ९ मार्च

दिवसभर एकच विचार. तारा काढायला एक सेकंद लागेल. पण प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कोणी केला, कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी. तो पुसता येत नाही, पुसता येऊ नये असा नियम मीच करून घेतला होता. पेटीवाल्यांना निर्दोष म्हणायचं तर तारा कधी आला ते दाखवावं लागेल. भाची तारीख बघेल. आणि वेळ.

तिला आई गेल्याची वेळ पाठ आहे. चार चाळीस.

सोमवार, १० मार्च

आज केलं ते लिहायची लाज वाटते, म्हणून लिहितो.

यादी फार विस्कळीत झाली आहे, अशी तक्रार खूप दिवसांची होती. मी सगळ्या तीनशे बारा नोंदी नावांच्या क्रमानं लावल्या. क्रम बदलला की प्रत्येक ओळ बदललेली दिसते. तपासणाऱ्याला जुन्या तीनशे बारा ओळी लाल आणि नव्या तीनशे बारा हिरव्या दिसतात. त्या ढिगात एक तारा काढून पुरं नाव घातलं. बदलाचं नाव दिलं, 'यादी नीट लावली'. विचार असा की हे मंजूर झालं की पेटीवाल्यांना कळवायचं, नव्या आवृत्तीवर पुन्हा टेस्ट करू. डिस्क पास होईल. मुकादम म्हणतील कारखान्यानंच गुपचूप काहीतरी सुधारलं असेल. कोणाचंच काही जाणार नाही.

असले बदल कोणी वाचत नाही. मुकादम तर नाहीच. दुपारी त्यांच्याकडे तपासायला पाठवला.

संध्याकाळी बघितलं तर त्यांनी तो भाचीकडे ढकलला होता. 'पोरीला शिकू दे.'

मंगळवार, ११ मार्च

भाची अकरा वाजता खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आली. हातात कागद. तिनं सगळ्या ओळी छापून घेतल्या होत्या आणि पट्टी लावून जुन्या-नव्या ताडून बघितल्या होत्या. तीनशे बाराच्या तीनशे बारा.

"फार बारीक काम केलंस हं मामा. एकच चूक आहे," ती म्हणाली. "क्रम लावताना एक तारा गळलाय. केएल-७ च्या पुढचा. आधी तारा होता, आता नुसतं ७० आलंय. परत टाकून देऊ का? तू कशाला पुन्हा उघडतोस, मी टाकते."

ती खरंच मदत करत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

'हो, टाक' म्हणालो असतो तर विषय संपला असता. ओठावर आलंही होतं.

मी म्हणालो, "नको. तो गळलेला नाही. मी काढलाय."

"का?"

ती कागदाकडे बघत राहिली. ती हुशार आहे, ताईसारखी. तिचं बोट त्या ओळीवर होतं, मग ते थांबलं.

"म्हणजे ७२ ला फ्लश जातच नव्हता?"

"नाही."

"म्हणजे ते पेटीवाले... मामा! मी त्यांना फोनवर काय काय बोलले. दोनशे वेळा वीज तोडली म्हणून चोर पकडल्यासारखी बोलत होते." मग आवाज खाली आला. "हा तारा आला कधी?"

"इतिहासात आहे."

ती आपल्या टेबलाशी गेली. मी तिला थांबवलं नाही. इथून तिची पाठ दिसते. तिनं फाईलचा इतिहास उघडला, खाली खाली गेली. मग खूप वेळ पाठ हलली नाही.

तिथे काय लिहिलंय ते मला पाठ आहे. १९ डिसेंबर, चार वाजून बारा मिनिटं. माझं नाव. आणि त्याखाली चार वाजून चौदा मिनिटांनी मुकादमांचा शेरा, न वाचता मंजूर करताना लिहिलेला: 'ठीक. आता तो लॅपटॉप बंद कर आणि ताईंजवळ जाऊन बस.'

ती उठली, पर्स घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मुकादम केबिनमधून म्हणाले, "पोरगी कुठे गेली?" मी म्हणालो, तिला बरं नाही.

मग तेही खोटं आहे असं वाटलं. केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. ताऱ्याचं, यादीच्या क्रमाचं, सगळं. मुकादम बराच वेळ पेन उघडझाप करत होते. शेवटी म्हणाले, "मी वाचायला हवं होतं. मी दया दाखवली. माझी पण चूक आहे, असं लिहू आपण. 'तांत्रिक त्रुटी' म्हणू. तुझं नाव कशाला?"

"पहिल्या अहवालाखाली माझं नाव होतं," मी म्हणालो.

बुधवार, १२ मार्च

पेटीवाल्यांना बोलावून घेतलं. या वेळी त्यांनी पेटी आणली नव्हती. खोलीत मुकादम, मी, आणि कोपऱ्यात भाची. ती ऑफिसला आली होती. घरी काल संध्याकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चहा एकाच कपाचा केला.

मी उभं राहून सांगितलं. बसून सांगता आलं असतं, पण उभा राहिलो. तारा कोणता, त्याचा अर्थ काय, तुमच्या डिस्कचा दोष नाही, तीन तारखेला तुम्ही पट्टी दाखवलीत तेव्हाच मला शंका आली होती आणि मी फाईल उघडली नाही.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे एक बाई आहे," ते म्हणाले. "होती. फ्लशचा सगळा भाग तिनं लिहिला. तुमचा अहवाल आल्यापासून स्वतःचाच कोड वाचत बसली होती. ओळ न् ओळ. मी म्हटलं, अगं, कमांड येतच नाही, तुझा काय दोष? तर म्हणे, एवढी मोठी मंडळी लिहून देताहेत म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलं असणार, मला सापडत नाही एवढंच. आणि राजीनामा ठेवून गेली."

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या शुक्रवारी. संध्याकाळी."

शुक्रवारी सकाळी मी फाईल उघडली होती. नऊ वाजता बंद केली आणि चहा घेतला.

"तुम्ही तिला फोन करा. मीही करतो," मी म्हणालो.

"केलाय मी. उचलत नाही." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तुमच्या घरी काहीतरी झालं होतं, असं ऐकलं. वाईट वाटलं." आणि गेले. त्यांनी ते मनापासून म्हटलं. मला ते सहन झालं नाही.

गुरुवार, १३ मार्च

दुरुस्त केलेल्या ड्रायव्हरवर भाचीने पुन्हा दोनशे वेळा वीज तोडली. दोनशेच्या दोनशे फायली जागेवर. ७२ फ्लशला दर वेळी थोडा वेळ घेते आणि मगच 'झालं' म्हणते. एकदाही घाई केली नाही.

निकालाचा कागद भाचीने माझ्या टेबलावर ठेवला, मी जागेवर नसताना.

सगळ्या ग्राहकांना नवा अहवाल गेला. 'केएल-७२ नियम पाळते. चूक आमच्या ड्रायव्हरमध्ये होती. ती १९ डिसेंबर रोजी मी केली. ३ मार्चला लक्षात यायला हवी होती, तेव्हा मी तपासलं नाही.' मुकादमांनी शेवटचं वाक्य खोडलं. मी परत घातलं. त्यांनी मग तसंच जाऊ दिलं. प्रयोगशाळेतल्या बाईंना वेगळं पत्र लिहिलं. एकेचाळीस लोकांना कसं लिहायचं ते कळलं नाही.

राजीनामा दिलेल्या बाईंचा नंबर पेटीवाल्यांकडून घेतला. तीनदा लावला. वाजतो.

रविवार, १६ मार्च

सकाळी भाची बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती. वर्तमानपत्र समोर होतं, वाचत नव्हती. मी बॅग आणली. डाव्या कप्प्यात हात घातला, डबी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

तिनं डबी लगेच उघडली नाही. अंगठ्यानं वरचा ओरखडा चाचपून बघितला. तो ओरखडा आहे, कारण तिनंच लहानपणी ती डबी गाडी म्हणून फरशीवर पळवली होती.

"तुझ्याकडे होता," ती म्हणाली.

"हो."

"इतके दिवस."

"हो."

"मी कपाटं उपसत होते, हॉस्पिटलला दोन फोन केले, त्या बिचाऱ्या सिस्टर माझ्यासाठी सगळे खण शोधत होत्या. आणि तू समोर बसून कंगव्याचं व्याकरण शिकवत होतास."

मी मान खाली घातली.

"तिला कशाला हवा होता?"

"माहीत नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या की मागताहेत."

"तू विचारलं नाहीस."

"नाही. 'आलोच' म्हणालो."

तिनं डबी उघडली. चष्मा काढून ओढणीनं पुसला, काड्या सरळ केल्या आणि स्वतःच्या डोळ्यांवर लावला. तिला नंबर नाही. ताईचा फार जाड होता. भाचीचे डोळे त्यामागे खूप मोठे दिसायला लागले, क्षणभर ताईच. तिनं माझ्या दिशेला तोंड केलं, पण नजर जरा बाजूला लागली होती. मी नेमका कुठे आहे ते तिला दिसत नसावं.

"सांग आता," ती म्हणाली. "त्या दिवसाचं. सकाळपासून. सिस्टर किती वाजता आल्या, तू किती वाजता आत गेलास, तिचा श्वास कसा होता, सगळं. वेळेसकट. 'हात हातात होता' वगैरे नको."

मी म्हणालो, "एवढ्या नंबरचा चष्मा फार वेळ घातला तर डोकं दुखेल तुझं."

"तू बोल."

मी बोललो. अडखळत, पण वेळेसकट. चार दहा, चार बारा, चार चौदा, चार एकतीस. माझं सांगून होईपर्यंत तिनं तो काढला नाही.